एका हाताची गाठ

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर श्यामलाबाई खरे राहतात. वय सहासष्ट. मुलींच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं कटिंग शिकवलं, निवृत्तीनंतर दोन महिने घरी बसून पाहिलं आणि मग पार्किंगच्या एका कोपऱ्याला पत्रे ठोकून क्लास सुरू केला. त्यावर सोसायटीच्या सभेत तीन तास वाद झाला. मीही विरोधात बोललो होतो. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्यांच्याकडे गाडी नाही आणि तरी पार्किंगची काळजी आहे, त्यांनी कृपया हात वर करावा." माझ्याकडे गाडी नाही. मी हात वर केला नाही. क्लास सुरू झाला.

मी दत्तप्रसाद, वरच्या मजल्यावरचा. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. खडकवासल्याच्या कालव्याचे नकाशे शाईच्या पेनाने काढण्यात बत्तीस वर्षं गेली. आता नकाशे संगणक काढतो, आणि मी खाली जाऊन श्यामलाबाईंच्या मुलींना वळणदार रेघ कशी ओढायची ते दाखवतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. एकदा एका मुलीने काढलेला मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोलवा, जाता-येता क्लासच्या खिडकीतून दिसला, पाहवला नाही म्हणून मी आत शिरलो. तेव्हापासून रोज उतरतो.

या क्लासचे नियम सांगितले पाहिजेत. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी. कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधलेला. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर कात्रीची धार जाते, म्हणून त्या मुलीने त्या दिवसापुरतं घरी जायचं. टाचण्या ओठांत धरायच्या नाहीत. दोरा दाताने तोडायचा नाही. "तोंड जेवायला आणि बोलायला आहे. शिवणकामात त्याचं काही काम नाही," असं बाई म्हणत. आणि सगळ्यांत मोठा नियम फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला, पुसता न येणारा: आधी कागद, मग कापड. आधी मापं घ्यायची, कागदावर आकृती काढायची, बाईंनी तिच्यावर लाल पेन्सिल फिरवायची, मगच कापडाला हात लावायचा. कोपऱ्यात एक डमी उभी असते, डोकं नसलेली आणि हात नसलेली. मुली तिला मावशी म्हणतात. मावशीच्या अंगावर कापड चढायचं ते सगळ्यांत शेवटी.

क्लासमध्ये बहुतेक मुली आदिवासी वसतिगृहातल्या. आंबेगाव, जुन्नर, अकोले, जव्हार इथून शिकायला आलेल्या. दिवसा कॉलेज, संध्याकाळी क्लास. फी नाही. हे कसं सुरू झालं याची गोष्ट छोटी आहे. निवृत्तीनंतर एका संस्थेने बाईंना वसतिगृहात पंधरा दिवसांचं शिवणकाम शिकवायला बोलावलं. काय शिकवायचं ते छापूनच आलं होतं: कापडी पिशवी, उशीचा अभ्रा, परकर. बाईंनी संस्थेच्या साहेबांना विचारलं, "आणि पुढे?" साहेब म्हणाले, "पुढे काय? पिशव्यांना मागणी आहे हो. आदिवासी महिलांनी शिवलेली पिशवी म्हटलं की लोक घेतात." बाई म्हणाल्या, "मग तुमच्या मुलीला लावा पिशव्या शिवायला. तिच्याही घेतील." पंधरा दिवसांचं काम चौथ्या दिवशी संपलं. पण बाईंचं डोकं काही थांबेना. पिशवी शिकवली की मुलगी जन्मभर पिशवीच शिवणार, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते मी झोपेतही म्हणून दाखवीन. कपड्याच्या धंद्यात मान कटिंगला आहे, आणि त्याच्याही वर, कपडा कसा असावा हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलाला आहे. बाईंना आपली एक तरी मुलगी त्या टेबलाशी बसलेली पाहायची होती.

नऊ वर्षांत सोळा मुली कामाला लागल्या. कोणी निर्यातीच्या कारखान्यात, कोणी डिझायनर लोकांच्या सॅम्पल रूममध्ये, एक नाटकांचे कपडे करते. सगळ्या चांगलं काम करतात, पण सगळ्या कोणाच्या तरी हाताखाली. दुसऱ्याने काढलेलं चित्र घ्यायचं आणि त्याचा कपडा करून द्यायचा. बाई बोलत नसत, पण हे त्यांना टोचत होतं. दिवाळीला मुली भेटायला येत, पेढे ठेवत, आणि त्या गेल्यावर बाई विचारत, "दत्तप्रसाद, यांतली एकही डिझायनर का नाही हो?" मी म्हणायचो, होईल. ड्राफ्ट्समन माणसाला यापेक्षा जास्त काय कळणार?

मैना लोहकरे दोन वर्षांपूर्वी आली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीतली, महादेव कोळी समाजाची. बी.कॉम. करत होती. दिसायला बारीक, बोलायला कमी. पहिल्या दिवशी बाईंनी तिला कागद, पट्टी, पेन्सिल दिली आणि साधा ब्लाउज काढायला सांगितला. अर्ध्या तासाने आम्ही पाहतो तर कागद कोरा आणि मावशीच्या अंगावर जुनी चादर. चादर पाठीवरून आली होती, एका खांद्यावरून वळली होती आणि छातीशी एका गाठीवर उभी होती. कुठे टाचणी नाही, कुठे चूण बळजबरीने पाडलेली नाही. मी कपड्यातला माणूस नाही, पण रेघ ओळखतो. ती रेघ चांगली होती.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"फडकी हाय बाई. म्हणजे, तशीच."

फडकी म्हणजे तिकडच्या बायका डोक्यावरून पाठीवर सोडतात ते कापड. समोर गाठ मारायची. ऊन, पाऊस, ओझं, सगळ्याला तीच. मैनाने सांगितलं की भातलावणीत बाईचा एक हात आवणाच्या पेंढीत अडकलेला असतो, म्हणजे रोपांच्या जुडीत. त्यामुळे फडकी एका हाताने बांधता आली पाहिजे आणि एका हाताने सुटली पाहिजे. तिची आई, चंद्रभागा, एक टोक दातात धरते, दुसरं हाताने फिरवते आणि ओढते. झाली सुरगाठ. सोडायची तर एकच हिसका.

"दातात," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"या क्लासमध्ये काही दातात धरायचं नाही. चादर काढ आणि कागद घे."

मैनाने चादर काढली. तिने कागद शिकायला दीड वर्ष घेतलं आणि मन लावून शिकली. पण संध्याकाळी सगळ्या गेल्यावर वसतिगृहाची बस यायला वीस मिनिटं असत, तेव्हा ती मावशीपाशी उभी राहून काहीतरी बांधत असे. बाही नसलेलं जाकीट, एका बाजूला उतरणारा कुडता, पावसाळी अंगरखा. सगळं न कापता, गाठीवर. बस आली की सोडून, घडी घालून जायची. मी खिडकीतून पाहायचो. बाईही दाराआडून पाहत, हे मला नंतर कळलं. आपली डिझायनर हीच, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. फक्त तिला सांगितलं नव्हतं. कौतुक केलं की मुली बिघडतात, अशी त्यांची समजूत.

या वर्षी मार्चमध्ये वल्लरी नावाच्या एका तरुण डिझायनरची जाहिरात आली. कोरेगाव पार्कात तिचं दुकान आणि वर स्टुडिओ. डिझाईन टीममध्ये एक जागा, आदिवासी समाजातल्या मुला-मुलींनाच, असं स्पष्ट लिहिलेलं. सहा कपड्यांच्या आकृत्या आणि एक शिवलेला नमुना घेऊन मे महिन्यात भेटायला यायचं. मैनाची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये संपत होती आणि पंधरा जूनला वसतिगृह सोडायचं होतं. तोवर कुठे लागली नाही तर मॉलमध्ये बिलिंगचं काम ठरलेलं होतं. तिच्या मावसबहिणीने शब्द टाकून ठेवला होता. एकदा त्या काउंटरला उभी राहिली की मैना पुन्हा क्लासातल्या मावशीकडे येणार नाही, हे बाईंना माहीत होतं. अशा चार मुली त्यांच्या हातून गेल्या होत्या.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. आणि इथे आम्ही माती खाल्ली. मी "आम्ही" म्हणतो, कारण शाई माझी होती.

मैनाने सहा कपडे मावशीवर बांधून दाखवले. बाईंनी ते कागदावर उतरवायला घेतले. गाठीचं माप कागदावर येत नाही. प्रत्येकीच्या अंगावर ती वेगळीकडे बसते. बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला गाठ मारता येत नाही. येते म्हणाली तरी चुकीची मारते आणि कपडा परत आणते. धंद्यात स्मॉल, मीडियम, लार्ज लागतात. गाठीला साइज नसते." पहिल्या जाकिटाची गाठ गेली, तिथे हुक आला. अंगरख्याला चेन आली. कुडत्याला पाच बटणं आली. लाल पेन्सिल फिरत होती, हल्ली डाव्या हाताने, आणि मी मागोमाग शाईने पक्कं करत होतो. इतक्या सुबक आकृत्या मी नोकरीतही काढल्या नव्हत्या.

मैना एकदाच म्हणाली, "बाई, एका कपड्याला तरी गाठ राहू द्या ना."

"का?"

"ती काढली तर उरतं काय?"

"बसणारा कपडा उरतो," बाई म्हणाल्या.

मैनाने मावशीवरची गाठ सोडली आणि कापडाची घडी घातली. मला ते दिसलं, आणि मी रेघ पुरी केली.

त्या दिवसांत बाई एप्रिलच्या उन्हात दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन बसत. पत्र्याखाली आम्हाला घामाच्या धारा, आणि त्या गुंडाळलेल्या. आदल्या वर्षी मंडईत कोथिंबिरीच्या देठांवरून पाय घसरून त्या पडल्या होत्या, उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर "उत्तम बसलंय" असं त्यांनी सोसायटीत जाहीर केलं, आणि श्यामलाबाईंनी जाहीर केलेल्या गोष्टीवर आमच्याकडे चर्चा होत नाही. तेव्हापासून त्या स्वतः कापड कापत नसत. "आता तुम्ही कापा, मी बघते," म्हणत. आम्हाला ती शिकवण्याची नवी पद्धत वाटली.

मे महिन्यात आम्ही तिघं रिक्षाने वल्लरीच्या स्टुडिओत गेलो. वल्लरी तिशीची, बोलायला गोड, आणि हे आधीच सांगतो, वाईट मुलगी नव्हे. तिने आम्हाला पाणी दिलं, आकृत्या एकेक करून नीट पाहिल्या, शिवलेलं जाकीट उलटं करून आतल्या शिलाया पाहिल्या.

"फिनिशिंग अमेझिंग आहे," ती म्हणाली. "ड्राफ्टिंग तर एकदम क्लीन. पण मैना, ऑनेस्टली सांगू? असं क्लीन काम करणारे माझ्याकडे ऑलरेडी चार जण आहेत. मला यात तू कुठे दिसतच नाहीयेस."

मैना टेबलाकडे पाहत राहिली.

"पण एक आयडिया आहे," वल्लरी पुढे म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये आमचं एक्झिबिशन आहे. तू तुमच्या ट्रॅडिशनल कपड्यात येऊन बसशील का? तुमच्याकडे डोक्यावरून घेतात ना, ती फडकी कस्टमर्सना बांधून दाखवायची. पर डे बेसिसवर. लोकांना खूप आवडेल."

"शोभेला बसवायचं असेल तर कुंडी ठेवा," श्यामलाबाई म्हणाल्या. "ती रोज बदलावी लागत नाही."

एवढं बोलून त्या उठल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढला आणि बाहेर पडल्या. मी कागदांची गुंडाळी उचलली.

रिक्षात बाईंचं तोंड थांबेना. या पोरींना काय कळतं, चार इंग्रजी शब्द फेकले की झाल्या डिझायनर, अशा माणसांच्या दारात जाणंच चुकलं. स्वारगेट येईपर्यंत आम्ही ऐकलं. मग मैना म्हणाली, "बाई, त्या बसायचं म्हणाल्या ते मला आवडलं नाही. पण पहिलं बोलल्या ते खरं होतं. त्यात माझं काहीच नव्हतं. सगळं तुमचं होतं."

तिने आवाज चढवला नव्हता. बाईंनी पदर पुन्हा ओढून घेतला. एकतीस आणि नऊ, चाळीस वर्षांत कुठल्या मुलीने त्यांना असं सांगितलं नसेल. मला त्यांची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली, कारण ते कागद माझ्या मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप. तिसऱ्या दिवशीही. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. मैना वसतिगृहातून आली, कुलूप पाहिलं आणि बाईंच्या घराची बेल वाजवली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. बाईंनी दार उघडलं तेव्हा अंगावर गाऊन आणि त्यावर ओढणी होती. त्या म्हणाल्या, "थांब, साडी नेसून येते." वीस मिनिटं झाली, बाई येईनात. मैना आत गेली. बाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. ब्लाउजचे खालचे दोन हुक लागले होते, वरचे तीन उघडे. उजवा अंगठा आणि बोटं एकमेकांना पोचत नव्हती. त्यांनी पदर ओढायचा प्रयत्न केला, पण साडी अजून खुर्चीवरच होती.

"किती दिवस?" मैनाने विचारलं.

"वर्ष होईल."

"कोणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? कटिंगच्या बाईला स्वतःचा हुक लावता येत नाही, हे?"

मैनाने वरचे तीन हुक लावून दिले. मग मैना क्लासची किल्ली घेऊन बाहेर आली.

त्या दिवसापासून मावशी कोपऱ्यातच राहिली. मैना थेट बाईंच्या अंगावर कापड बांधू लागली. पत्र्याचं दार लावून, आतून कडी घालून. मला आत बोलावणं नव्हतं. मी बाहेर खुर्ची टाकून बसत असे. आतून आवाज यायचे. "हात सोडा बाई." "सोडलाय." "नाही, धरून ठेवलाय." एकदा बाईंचा आवाज, चिडलेला: "मी दातात धरणार नाही." आणि मैनाचा, शांत: "मग उघडं राहील."

सहाव्या दिवशी दार उघडलं आणि मला कागद, पेन घेऊन आत बोलावलं. कपडा आधी तयार झाला होता, कागद आता निघायचा होता. बत्तीस वर्षं मी नदी आधी पाहिली आणि मग नकाशा काढला, तरी कपड्याच्या बाबतीत हे उलट कसं चालतं असं मला कधी वाटलं नव्हतं. माणसं आपापल्या खात्यापुरती शहाणी असतात.

कपडा म्हणजे ब्लाउज आणि जाकीट यांच्या मधलं काहीतरी होतं. सुती, गडद लाल, पाठीत एकच शिलाई. दोन पट्टे पाठीवरून पुढे येत आणि छातीशी एका सुरगाठीवर बसत. बारीक बाईला गाठ जरा डावीकडे येई, जाडीला मधोमध. मापाचा प्रश्न गाठच सोडवत होती. मैनाने असे सहा केले: बाळाला पाजणाऱ्या बाईसाठी, दुचाकीवरून जाणारीसाठी, एक म्हाताऱ्या पुरुषांची बंडी. या वेळी बाईंनी लाल पेन्सिल हातात घेतली नाही. आकृत्यांच्या रेघा मैनाने ओढल्या आणि मी फक्त पट्टी धरली.

जूनच्या दहा तारखेला मैनाने वल्लरीला फोन केला. "मॅडम, पुन्हा दाखवायचंय. बसायला येत नाहीये." वल्लरीने उद्याच या म्हटलं.

निघताना मैना बाईंना म्हणाली, "तुम्ही या. पण बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"मावशीसारखं उभं राहायचं. मावशी बोलते का?"

माझ्या देखत श्यामलाबाईंना कोणी असं सांगणार नाही, अशी पैज लावून मी हरलो असतो. बाईंनी मान हलवली.

स्टुडिओत या वेळी वल्लरीबरोबर टीममधले आणखी दोघं होते. मैनाने आकृत्या टेबलावर न ठेवता बाजूला ठेवल्या आणि बाईंना खोलीच्या मधे उभं केलं. पदर एकाच खांद्यावर होता, बाकी गडद लाल कपडा दिसत होता. वल्लरीने फिरून पाहिलं. पाठीतल्या शिलाईवर बोट फिरवलं. "कट सुंदर आहे," ती म्हणाली. "पण गाठ? माझी क्लायंट गाठ मारणार नाही, मैना. तिला पटकन हवं असतं. आणि सॉरी, पण हे घालणार कोण?"

मैना उत्तर देणार होती. पण बाईंनी आधीच डावा हात वर नेला आणि एकच हिसका दिला. गाठ सुटली. पट्टे लोंबले. आत साधी सुती चोळी होती, तरी त्या खोलीत सगळ्यांनी क्षणभर नजर खाली घातली. बाईंनी उजवा हात पुढे केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यात थांबली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मग त्यांनी एका पट्ट्याचं टोक दातांत धरलं. हो, दातांत. दुसरं टोक डाव्या हाताने फिरवलं, खालून घेतलं, ओढलं. गाठ बसली. मान ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर. त्या चाळीस वर्षांत कुणासमोर इतक्या उघड्या पडल्या नव्हत्या.

"मला द्या," वल्लरी म्हणाली. मैनाने दुसरा नमुना तिच्या अंगावर चढवला. वल्लरीच्या उजव्या हातात फोन होता, तो तिने खाली ठेवला नाही. त्यांच्या पिढीचा एक हात तसाही अडकलेलाच असतो. पहिल्यांदा गाठ घसरली. दुसऱ्यांदा निरगाठ बसली, ती मैनाने सोडवली. तिसऱ्यांदा जमलं. वल्लरीने हिसका देऊन सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तशी ती चार वेळा तेच करत राहिली.

"हे पेपरवर कसं आणलंस?"

मैनाने आकृत्या उघडल्या. टीममधले दोघं पुढे वाकले. पुढचा पाऊण तास जी बोलणी झाली ती मापांची, कापडाच्या वजनाची, पट्ट्याच्या लांबीची. मैना न अडखळता बोलत होती. मध्येच एकदा तिने समोरच्या मुलाला, "नाही, ते तसं होत न्हाय," म्हणून सांगितलं आणि त्याने खोडून पुन्हा लिहिलं. बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती आणि त्यांनी मागितली नाही.

शेवटी वल्लरी म्हणाली, "डिझाईन टीममध्ये घेते. सहा महिने प्रोबेशन, मग पर्मनंट. ही लाइन तुझी, लेबलवर तुझं नाव. एक तारखेपासून ये. आणि एक्झिबिशनला मात्र तू हवीस."

"येईन," मैना म्हणाली. "तुमचे बाकीचे डिझायनर जे घालून येतील, तेच घालून."

वल्लरीचा चेहरा लाल झाला. "फेअर," ती म्हणाली.

परतताना रिक्षात तिघं चिकटून बसलो होतो. बाई मधे. बंडगार्डन गेलं, स्टेशन गेलं, बाई रस्त्याकडे पाहत राहिल्या. मैना दोन वेळा त्यांच्याकडे वळली. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई, आता बोला की."

बाईंनी घसा साफ केला. "डाव्या काखेत ओढतंय," त्या म्हणाल्या. "पाव इंच सोड."

मैनाने पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, अक्षरं वाकडी येत होती. बाईंनी ती वाकडी अक्षरं पाहिली. एरवी त्या बोलल्या असत्या.

सोमवारी क्लास उघडला. नवीन मुली आल्या होत्या, जव्हारच्या दोन आणि अकोल्याची एक. फळ्यावरचा ऑइलपेंट पुसता येत नाही, म्हणून बाईंनी त्यावर एक चादर टांगली होती. त्या समोर उभ्या राहिल्या. अंगावर गडद लाल, डाव्या काखेत सैल केलेलं. पदर एका खांद्यावर.

"कापड घ्या," त्यांनी मुलींना सांगितलं, "आणि तुमच्याकडे बायका काय नेसतात ते मला बांधून दाखवा."

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. अकोल्याची धीट होती. तिने विचारलं, "मावशीवर, बाई?"

"नाही," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात बाजूला करून उभ्या राहिल्या.